कांतीलालचे केस आणि माझी मिशी

नंदुरबार, माघ वद्य दशमी, शके १८५८

सौभाग्यवती वज्रचुडेमंडित वहिनींच्या चरणी धाकटा दीर बापू याचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी नाकाखालचे एक या घटकेस उघडे पडले आहे, ते नमस्कारात धरू नये.) अण्णांचा दमा, आपले गुडघे आणि गोठ्यातली ती लाथाळ गाय ही तिन्ही आपापल्या मर्यादेत असतील अशी आशा आहे. ती. नानांची प्रकृती कशी आहे? हा प्रश्न मी दर पत्रात विचारतो आणि उत्तर न वाचता पुढे जातो, हे आपण मागे एकदा पकडले होते. या खेपेस मात्र उत्तर मनापासून हवे आहे. नाना उठतात, बसतात, जेवतात, अण्णांवर ओरडतात, हे सारे आपण स्वतः पाहून लिहावे. कारण इथे नंदुरबारात त्यांना वारून आज पाचवा दिवस आहे.

घाबरू नये. आपले मामंजी नाना अमळनेरास खुशाल आहेत हे मला ठाऊक आहे, आपल्याला ठाऊक आहे, आणि खुद्द नानांना तर असणारच. ठाऊक नाही ते फक्त या गावाला. हे कसे झाले ते सांगायचे तर आरंभ एका पाच वर्षांच्या मुलाच्या केसांपासून करावा लागतो. आपल्या जाऊबाई लेकीच्या बाळंतपणाला सुरतेस गेल्या आहेत, एवढे आधी ध्यानात ठेवावे. त्या इथे असत्या तर पुढचे काहीच घडले नसते, असे त्या पुढची वीस वर्षे म्हणणार आहेत, तेव्हा ते आत्ताच कबूल करून टाकतो.

मी राहतो ते माडीवरचे बिऱ्हाड हुकमीचंद शेठजींचे. खाली मिरच्यांची वखार, पुढे पेढी, मागे घर. भाड्याच्या मोबदल्यात मी त्यांच्या एकुलत्या एका मुलाला, कांतीलालला, अक्षरओळख करून देतो. मुलगा तल्लख आहे. (फार तल्लख आहे, हे या पत्राच्या शेवटी आपल्यालाही पटेल.) दोन वर्षांपूर्वी मारवाडात कुलदेवीपुढे त्याचे जावळ काढले, तेव्हा चार काकांनी त्याला धरले होते. त्यांतल्या दोघांना तो चावला. त्या दिवसापासून त्याने डोक्याला कात्री लागू दिलेली नाही. आता ते केस म्हणजे एक अरण्य झाले आहे. त्याची आई लाडकंवर तेल घालायला बसली की फणी आत जाते ती परत येईलच याचा भरवसा नसतो. आजवर हे सगळ्यांनी सोसले. पण येत्या फाल्गुन शुद्ध पंचमीस त्याच्या मामाचे, धानोऱ्याच्या जवरीलालचे, लग्न आहे, आणि यांच्यात नवरदेवाच्या पुढे घोडीवर लहान भाच्याला फेटा बांधून बसवतात. कांतीलालचा सारा जीव त्या घोडीत अडकला आहे. महिनाभर तो वखारीतल्या मिरचीच्या पोत्यावर मांड टाकून शहाद्यापर्यंत वरात नेतो आणि परत आणतो. पण फेटा त्या अरण्यावर ठरेना. बांधला की घसरून नाकावर येई. शेवटी आजीने, छोटीबाईंनी, निकाल दिला की केस उतरले तर घोडी, नाहीतर घोडीवर दुसरा मुलगा. (नवरदेवाच्या अंगावर उवा चढतील ही खरी भीती होती, ती त्यांनी मला एकट्याला सांगितली, आणि मी ती फक्त आपल्याला सांगतो आहे.)

मग प्रयत्न सुरू झाले. इथला न्हावी सुकलाल हा शांत, भाविक आणि हाताचा हलका माणूस आहे. एकदा शेठजींनी त्याची धोकटी पेरूंच्या टोपलीत लपवून त्याला पेरूवाला म्हणून आत आणले. कांतीलालने दोन पेरू घेतले, खाल्ले, टोपलीत हात घालून वस्तरा बाहेर काढला आणि हा पेरू कच्चा आहे म्हणून परत ठेवला. दुसऱ्या खेपेस त्याला धरायला मुनीम आणि दोन हमाल धावले, तर तो मिरचीच्या पोत्यांमागे शिरला. एक पोते फुटले. त्यानंतर घटकाभर त्या वखारीत शिंकांशिवाय दुसरी भाषा नव्हती. सुकलाल तर वस्तरा दूर धरून असा शिंकत होता की कांतीलालच काय, स्वतः शेठजीही त्याच्या जवळ जाईनात. तिसऱ्या खेपेस छोटीबाईंनी चिंचेचा गोळा हातात देऊन मागून हळूच कात्री चालवली. डाव्या कानामागची एक बट तेवढी हाती लागली. आता मुलगा एका बाजूने ऋषी आणि दुसऱ्या बाजूने गृहस्थ दिसतो.

इथे मी मध्ये पडलो. कुणी बोलावले नव्हते. पण बारा वर्षे न्यायशास्त्र शिकलेल्या माणसाने पाच वर्षांच्या मुलाला पटवू नये, हे मला शास्त्रालाच कमीपणा आणणारे वाटले. मी कांतीलालला ओट्यावर बसवले आणि पद्धतशीर सिद्ध केले की केसांत जीव नाही, म्हणून वेदना नाही. दृष्टांतासाठी सुकलालला बोलावून माझी स्वतःची पंधरवड्याची हजामत त्याच्यासमोर करवून घेतली. शेंडीभोवतीचे सारे डोके गुळगुळीत झाले. मी हसत होतो, वेदना नाही हे दिसावे म्हणून जरा जास्तच हसत होतो. कांतीलालने सगळे नीट पाहिले आणि म्हणाला की हे केस तर तुम्ही दर वेळी काढता, तुम्हाला ते नकोच आहेत. मला माझे हवे आहेत. तुम्हाला हवे असलेले काढा. आणि बोट दाखवून म्हणाला, “शास्त्रीजी, पहिले तुन्ही मिशी काढ, मंग मन्हा केस.”

वहिनी, पूर्वपक्ष निर्दोष होता. आपण माझी मिशी पाहिली आहे. सोळाव्या वर्षापासून ती मी वाढवली, वळवली, आणि शाळेत तिच्या धाकाने मुले रूपे पाठ करतात. पण ओट्याखाली तोवर शेठजी, मुनीम, दोन हमाल आणि एक गिऱ्हाईक जमले होते. वादात हरायचे की मिशी घालवायची, एवढेच उरले. मी सुकलालला म्हणालो, मिशीही उतरव. त्याचा हात थांबला. त्याने माझ्याकडे पाहिले. “आखी?” त्याने हळूच विचारले. मी म्हणालो, आखी. त्याने वस्तरा पुन्हा धुतला, डोळे पुसले, आणि फार मायेने, जणू लहान बाळाची हजामत करतो आहे तशी, ती मिशी उतरवली. शेवटी म्हणाला, “देव बठं दखस, बाबा.” देव सारे पाहतो. मला वाटले, लेकराच्या हितासाठी मी केलेल्या त्यागाचे हे कौतुक आहे. मी नम्रपणे मान हलवली. कांतीलालने माझ्या ओठावरून बोट फिरवून पाहिले, रक्त नाही याची खात्री केली आणि उद्या बसतो असे वचन दिले. मी विजयी होऊन जेवलो आणि झोपलो.

आता आपल्या ध्यानात आले असेल. माझ्या मात्र आले नाही. गुळगुळीत डोके आणि उतरवलेली मिशी घेऊन माणूस केव्हा फिरतो, हे अमळनेरात कळते तसे नंदुरबारातही कळते. आणि मयताचा सांगावा चार घरी नेण्याचे काम न्हाव्याचे. सुकलाल धोकटी आवरून थेट त्या कामाला लागला. मी हसत का होतो, असे त्याला कुणी विचारले, तर तो म्हणाला, शास्त्री लोकांना सुखदुःख सारखेच असते. (एवढे मोठे प्रशस्तिपत्र मला काशीतही मिळाले नव्हते.)

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसे येऊ लागली. येत, जाजमावर बसत, जमिनीकडे बघत, थोड्या वेळाने उठून जात. कुणी चकार शब्द बोलत नव्हते. अशा प्रसंगी आधी बोलू नये हा रिवाज त्यांना ठाऊक होता, आणि प्रसंग कोणता हे मला ठाऊक नव्हते, म्हणून मीही सभ्यपणे जमिनीकडे पाहत बसलो. मला वाटले, लग्नाचा मुहूर्त विचारायला येतात आणि भीड पडते. शेठजी पांढरी पगडी घालून आले, माझा हात धरला आणि सुस्कारा टाकून म्हणाले की पुन्हा असे छत्र मिळत नाही. मला वाटले मिशीबद्दल बोलतात, मीही गहिवरलो आणि म्हणालो, सहा आठवड्यांत परत येईल. शेठजी माझ्या तोंडाकडे पाहतच राहिले. पुनर्जन्माचा हिशेब इतका अचूक त्यांच्या साधूंनीही कधी सांगितला नव्हता, असे त्यांनी नंतर पेढीवर सांगितले. छोटीबाईंनी बिनफोडणीची खिचडी पाठवली. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारी पाठवतात ती. मी ती कांतीलालच्या गुरुदक्षिणेपोटी आली असे समजून दोन वेळा मागून खाल्ली. तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी चिठ्ठीने दहा दिवसांची रजा मंजूर करून पाठवली, खाली ‘ईश्वर मृतात्म्यास शांती देवो’ असे लिहून, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. (पडला तेव्हा खिचडी समोर होती. ती संपवून मग मी खुलासा करायला उठलो. आपल्यापाशी खोटे बोलत नाही.)

खुलासा कुणी ऐकेना. माझे वडील ठणठणीत आहेत असे मी छोटीबाईंना सांगितले, तर त्यांनी पदराने डोळे टिपले आणि सुनेला म्हणाल्या, “दुख में मिनख इयाँ ही बोले.” माणूस दुःखात असेच बोलतो म्हणे. सुकलालला गाठले तर तो दुखावला. त्याने कळसाडीपर्यंत सांगावा पोचवला होता. मिशी काढ असे आपणच म्हणालात की नाही, एवढेच तो विचारतो.

हे सारे मी हसण्यावारी नेले असते. पण कांतीलाल तीन दिवस दाराआडून सगळे बघत होता. शास्त्रीजींचे केस कापले, दुसऱ्या दिवशी शास्त्रीजींचा बाप मेला, लोक आले, खिचडी आली. जिथे धूर तिथे अग्नी हे मीच त्याला चुलीपुढे बसवून शिकवले होते. त्याने नियम बांधला, आणि सुकलाल दिसताच पेढीवर धावत जाऊन बापाच्या धोतराला मिठी मारली. “मन्हा केस काप्यात ते मन्हा बाप मरी जाई!” असा आक्रोश केला की गिऱ्हाईक तराजूपासून मागे हटले. मी म्हणालो, अरे वेड्या, हजामत तर सगळेच करतात. तो उठला आणि पेढीवरच्या एकेकाला त्याचा बाप कुठे आहे म्हणून विचारत सुटला. मुनीम साठीचे, त्यांचा बाप नाही. हमाल दोघे, दोघांचेही नाहीत. गिऱ्हाईकाचा नाही. शेवटी त्याने स्वतः शेठजींना विचारले, आणि शेठजींनाही मान खाली घालावी लागली. मी घाईने म्हणालो, सुकलालच्या मुलाचे डोके बघ, दर महिन्याला साफ असते, आणि सुकलाल इथे जिवंत उभा आहे. कांतीलाल म्हणाला, तो न्हावी आहे, तो स्वतःच्या वस्तऱ्याने कसा मरेल?

माणसे हसली. मी हसलो नाही. कारण काल सकाळी घोडीचा साज आला, लाल मखमलीचा, आणि तो मुलगा त्याला हात लावून मुकाट्याने मागे सरकला. घोडी नको म्हणाला. बाप पाहिजे म्हणाला. केसांपायी हट्ट करणारे मूल मला चालते. बापापायी हट्ट सोडणारे पाहवत नाही, विशेषतः चूक माझी असताना. मी शपथ घेतली, पंचांग डोक्यावर ठेवले, आपले मागचे पत्र वाचून दाखवले. त्याने सगळे ऐकले आणि एवढेच म्हणाला, “जिता शे ते दखाड.” जिवंत आहे तर दाखव.

असो. इकडे थंडी ओसरली आहे. उडदाचे पापड फार छान होते, आता संपले. मुलांना आशीर्वाद, अण्णांना नमस्कार. मी लेखनसीमा केली आहे, मिशीची सीमा न्हाव्याने केली आहे, दोन्हीची क्षमा असावी.

आपला आज्ञाधारक दीर
बापू

ता. क. १ : पापडांसाठी लिहिले नाही. नानांना पाठवावे. अमावास्या संपताच पहिल्या गाडीत बसवून द्या, मी स्टेशनावर येतो. त्यांना काही करायचे नाही. हुकमीचंदांच्या ओट्यावर बसून पान खायचे, खाकरायचे, आणि जमल्यास मला चारचौघांत एकदा ‘गाढवा’ म्हणायचे. मिशी पाहिल्यावर ते सांगावे लागणार नाही. बोलावण्याचे कारण मात्र कळू देऊ नका, लग्नाच्या जेवणाचे निमंत्रण आहे म्हणा. तेही खोटे नाही.

ता. क. २ : शेठजींनी सांत्वनाचे कार्ड अण्णांच्या नावे परवाच टाकले, असे आत्ता कळते. टपाल आपण स्वतः घ्यावे. आणि ते नानांनी आधीच वाचले असेल, तर ते रागात असतानाच गाडीत बसवा. जिवंतपणा जास्त ठसेल.

ता. क. ३ : पाकीट चिकटवताना कांतीलाल आला. नाना येत आहेत ऐकून फार खूश झाला. ते जिवंत दिसले तर त्याच ओट्यावर सुकलालपुढे बसेन, म्हणाला, आणि घोडीचा साज पुन्हा एकदा बघून आला. मग विचारले, नानांनी जन्मात किती वेळा हजामत केली असेल? मी म्हणालो, हजार वेळा तरी. त्याने विचारले, मग त्यांचे केस आता कसे आहेत? वहिनी, नानांचे डोके माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. गेली तीस वर्षे तिथे आरशासारखा लखलखाट आहे. तेव्हा कृपा करून पागोटे आपण स्वतः, घट्ट, दोन फेरे जास्त देऊन बांधावे, आणि नंदुरबारात खाज सुटली तरी काढणार नाही अशी शपथ घालूनच त्यांना घराबाहेर सोडावे.