शिडापाशी तुटणारा दोरा

सोमवार, ४ मार्च
आलं: पांढऱ्या दोऱ्याची मोठी रिळं सहा – नऊशे साठ. सुयांची पाकिटं दोन – एकशे ऐंशी. हमाली वीस, तीही घासाघीस करून. रिळं कपाटात, उन्हापासून लांब ठेवली.

शाळेचं काम आहे. गणवेशाच्या खिशावरचे बिल्ले – निळ्या कापडावर पांढऱ्या शिडाची होडी. महिनाअखेर द्यायचे.

हे म्हणाले, "एवढं हातावेगळं झालं की भरतकामाचं मशीन विकून टाकू. माणूसच नाही, तर यंत्र काय पुजायचंय?"

माणूस म्हणजे कोण, ते बोलले नाहीत. मुलगा घर सोडून गेला त्याला वर्ष होत आलं. त्याचं नाव या घरात काढायचं नाही. मी काढते – देवापुढे, मनातल्या मनात.

मशीन गेलं तर तो परत येईल कशाच्या ओढीने? नुसत्या आईसाठी कोणी परत येतं का?

मंगळवार, ५ मार्च
पहिल्याच बिल्ल्याला दोरा तुटला. पुन्हा ओवला, पुन्हा तुटला. नवी सुई घातली, दोऱ्याचा ताण सैल केला, बॉबिन काढून कोनाकोपऱ्यातली धाग्यांची लव साफ केली. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं.

हे चित्र मुलानेच संगणकावर काढून मशीनमध्ये घातलेलं. जाण्याआधी थोडे बिल्ले काढूनही दिले होते त्याने. तेव्हा तक्रार नव्हती.

एरवी हे आकाशपाताळ एक करतात. आज निम्मा भरलेला बिल्ला हातात धरून कितीतरी वेळ बसले होते. जेवायला दोनदा हाक मारावी लागली.

बुधवार, ६ मार्च
जुनं रीळ लावून पाहिलं. तोच प्रकार. बिघडलेले तुकडे टोपलीत टाकलेत. सवडीने उसवीन. भोकं राहतात, पण चाचणीला कापड चालतं. फेकायला काय लागतं!

शुक्रवार, ८ मार्च
मेकॅनिक आला. आधी चहा प्याला, मग हुकावरून नख फिरवून पाहिलं – कुठे चरा नाही. तेल ठीक, दोऱ्याची वाट ठीक.

"वहिनी, तुटलेले तुकडे ठेवलेत की टाकले?"

"या घरात टाकतात काही?" हे म्हणाले.

टोपली आणून दिली. त्याने तुकडे ओळीने मांडले. सगळे एकाच जागी तुटलेले – शिडाच्या खालच्या कोपऱ्यात.

"काका, मशीनला बोल लावू नका. खोट चित्रात आहे. इथे शिडाच्या खाली आणखी एक थर आहे. टाक्यांवर टाके चढतात, सुई तापते, दोरा विसविशीत होतो. खालचा थर पुसतो, दोन मिनिटांचं काम."

"नको."

"अहो, वरून काही फरक दिसणार नाही."

"नको म्हटलं ना. चित्राला हात लावायचा नाही. तिथे आलं की हळू चालवीन."

मेकॅनिकने हत्यारं आवरली. बापलेकाचं भांडण पेटलं ते या चित्रांवरूनच. मुलगा दिवस दिवस चित्रं काढत बसायचा, मशीन रिकामं. "माझ्या मशीनला हात लावू नकोस," असं हे एकदा बोलून गेले, आणि त्याने खरंच पुन्हा लावला नाही. तेव्हा चित्रं डोळ्यांत खुपत होती. आता त्यातला टाकासुद्धा हलवायचा नाही. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, म्हणतात. पण हा पीळ कुठला, ते कळेना.

शनिवार, ९ मार्च
दोरा तुटत नाही. काम मात्र गोगलगाईचं. होडी झाली की हे वेग उतरवतात आणि मशीनवर वाकून उभे राहतात. पाणी द्यायला गेले, तर पाठ मध्ये. "ठेव तिकडे."

मंगळवार, १२ मार्च
टोपली उसवायला घेतली. शिडाचे टाके इतके दाट की बोटं दुखली. वरचा थर सुटला आणि खालून चिमणी निघाली.

तीन पायांची.

लहानपणी तो भिंतीवर, पाटीवर, हिशेबाच्या वहीत हीच काढायचा. हे चिडवायचे, "तिसरा पाय कशाला रे गाढवा?" तो म्हणायचा, "दमली तर टेकायला, बाबा."

दुसरा तुकडा उसवला. तिसरा उसवला. प्रत्येकात आहे. त्याने काढून दिलेल्या बिल्ल्यांत नसावी; जाताजाता चित्रात घातली असणार. आधी चिमणी भरली जाते, मग तिच्यावर शीड चढतं. शाळेतल्या कुणाला ती कधी दिसायची नाही. मशीनपुढे उभ्या असलेल्याला मात्र दर वेळी दिसते.

तुकडे परत टोपलीत ठेवले. यांना काही बोलले नाही. देवापुढे बसले तर जपाची माळ हातात तशीच राहिली.

शुक्रवार, २९ मार्च
बिल्ले शाळेत पोचते केले. एकही कमी नाही.

परत आल्यावर चपला न काढताच म्हणाले, "त्याला कार्ड टाक. पत्ता तुझ्या पोथीत आहे." यांना केव्हापासून ठाऊक, देव जाणे. मी लिहायला बसले. यांनी दारातूनच, रस्त्याकडे बघत, मजकूर सांगितला:

"शिडापाशी दोरा तुटतो. मेकॅनिकला काही जमलं नाही. मशीन विकत नाही. येऊन कधी बघतोस, ते उलट टपाली कळव."