माशांच्या डोळ्यांची डॉक्टर

राजापेठ, अमरावती

प्रिय प्रीतमदादा,

जयभीम. फोन सोडून ही पत्र काय लिहीत बसली, म्हणशील. फोन तू स्पीकरवर लावतोस आणि खुशी तुझ्या शेजारीच असते. हे तुझ्या लेकीच्या कानावर पडायला नको. आपल्या गावचा चंदन इथून आज घरी निघालाय, त्याच्याच हाती देते आहे.

तू बार्शीटाकळीभर सांगत सुटतोस, माझी बहीण डोळ्यांची डॉक्टर होऊन राहिली म्हणून. शेषरावकाका तर मला मोतीबिंदू दाखवायला आले होते! अरे, मी माशांच्या डोळ्यांवर पीएचडी करते. डोळ्याच्या आतल्या पडद्यात काही पेशी उजेडाची खबर पुढे देतात, आणि काही पेशी गाबा नावाचं रसायन सोडून त्यांना आवरतात. आवरणारं कुणी नसेल तर माशाला वस्तूच्या कडाच नीट कळणार नाहीत. मला याचं फार कौतुक वाटायचं. प्रयोगात मी गाबा वाढवते, आणि दिवा लावल्यावर पडद्याकडून येणारं उत्तर यंत्रावर लहान लहान होत जातं.

परवा याच रसायनावरच्या एका लेखात खुशीच्या झटक्यांच्या गोळीचं नाव दिसलं. ती गोळी मेंदूतला गाबा वाढवते, म्हणून झटके थांबतात. पण डोळ्यातलाही वाढवते. काही जणांची नजर त्याने कडेकडून आत मिटत येते. समोरचं स्वच्छ दिसत राहतं, म्हणून घरात कुणाला पत्ता लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही.

मागच्या महिन्यात मी घरी आले तेव्हा खुशीच्या डाव्या बाजूला चांगली दहा मिनिटं बसले होते. मग ती वळून म्हणाली, "आत्या, तू कवा आली वं?" आपण सगळे हसलो. तिच्या पायाने पाण्याने भरलेला गुंड लवंडला, तेव्हा आचलवहिनीने धपाटा घातला, "काहून धडकून राहिली सारखी?" मी तेव्हाही हसलेच.

अकोल्याच्या डॉक्टरांनी गेल्या वर्षी दर तीन महिन्यांनी डोळ्यांची तपासणी लिहून दिली होती. तू मला विचारलंस, "हे लागते का वं?" आणि मी मोठी तज्ज्ञ, कागद धड न वाचता नको म्हणाले. तू माझ्या शब्दावर विसंबून राहिलास. उद्या सकाळीच तिला त्याच डॉक्टरांकडे घेऊन जा. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नकोस, झटके उसळतील. वहिनीला मी येऊन सांगेन, तिला काय बोलायचं ते बोलू दे. तोवर खुशीवर हात उचलू नका, दादा. बाजूचं तिला दिसतच नसावं.

तुझीच,
प्रियदर्शनी