ठमीचा खोकला

दि. ८ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

रजा संपवून तू परत गेलीस आणि घर सुनं झालं. तुझा भाचा शेंबड्या नाकाने ‘आत्या कुठंय’ करत फिरतो. तू रजाभर त्याचं नाक पुसलंस, आता मला हात लावू देत नाही.

तुमच्या प्राणी उपचार केंद्रातली वानरं खोकतायत, असं शेजारी सांगत होते. तो रोग तुला झाला तर? बाबा म्हणतात, जनावरांच्या डॉक्टरने भिऊन कसं चालेल. मला मात्र घास गिळवत नाही. शिर सलामत तर पगडी पचास. नोकरी गेली खड्ड्यात, घरी ये.

तुझ्या वाटेकडे डोळे लावलेली,
आई

दि. १२ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

शेजाऱ्यांचं खरं आहे. ठमी, ते बाटलीने दूध पिणारं वानराचं पोर, खोकतंय. श्वास घेताना तिच्या बरगड्या आत ओढल्या जातात. रोग कुठून कुठे गेला ते कळावं म्हणून आम्ही वानरांच्या आणि आमच्याही नाकातून नमुने घेतो. निकाल येईपर्यंत फाटकाला कुलूप आहे.

आई, रानातला एखादा नवाच रोग असला तर? मला फार भीती वाटते. बाबांना सांगू नकोस. ते माझ्या शौर्याच्या बढाया मारतात, मारू देत.

तुझी माया पाठीशी असू दे.
चिमणी

दि. १७ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

निकाल आला. रोग रानातला नाही, आपल्या घरातला आहे. लहान मुलांना होते ती साधी सर्दी. तोच विषाणू ठमीच्या नाकात आणि माझ्याही. मला नुसत्या दोन शिंका आल्या होत्या, वानरांच्या मात्र ती जिवावर बेतते.

रजेवरून आल्यावर आठवडाभर त्यांच्याजवळ जायचं नाही, हा नियम मीच केलेला. पण ठमी दुसऱ्या कुणाच्या हातून पीत नव्हती, म्हणून तिसऱ्याच दिवशी मास्क लावून गेले. तिने तो ओढून काढला आणि माझ्या गालाला गाल लावला.

काल ती गेली. शेजारच्या पिंजऱ्यातली दोघं आता खोकतायत. काचेआडून बघायचीसुद्धा मला भीती वाटते.

रागावू नकोस.
चिमणी

दि. २२ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

अक्षर बाबांचं आहे म्हणून घाबरू नकोस. मला सर्दी झालीय, तेव्हा मी दारात उभी राहून सांगते आणि ते लिहितात. कागदाने काही होत नाही म्हणे, तरी वाचून हात धू. ती दोघं कशी आहेत ते लगेच कळव.

भाचा ठणठणीत आहे. ठमीसाठी त्याने चित्र काढलंय. ती गेल्याचं त्याला सांगवलं नाही. चित्रही पाठवत नाही, त्यावर तो शिंकला होता.

घरी ये म्हणून मीच तुझ्या मागे लागले होते. आता सांगते बाळा, इतक्यात येऊ नकोस.

लोभ आहे तसाच आहे. सध्या तो लांबूनच घे.
आई