दारावरची फुली

सोमवार, १२ ऑगस्ट

प्रिय धाकट्या,

ताईचे आशीर्वाद. तू पत्रांना उत्तर देत नाहीस हे ठाऊक असूनही लिहिते आहे. हट्टीपणा काही तुझ्या एकट्याच्या वाट्याला आलेला नाही. मी बरी आहे. शिवणाचं मशीन नवं घेतलं, गुडघे मात्र जुनेच आहेत.

पुरापासून आपली गल्ली शहाणी झाली आहे. दर महिन्याला सराव असतो. भोंगा वाजला की घर रिकामं करायचं, शेवटच्या माणसानं दारावर खडूनं फुली मारायची आणि टेकडीवरच्या शाळेत जमायचं. फुली म्हणजे आत कोणी नाही, होडीनं थांबायचं नाही. नियम जुनाच आहे. दोन वर्षांपूर्वी त्या होडीवर तूच होतास.

आपल्या घराचं मात्र काहीतरी बिनसलं आहे. मी फुली मारून निघते आणि मागाहून घरं बघत तपासणीवाले येतात तेव्हा दार कोरं असतं. पहिल्यांदा वाटलं, ओल असेल. दुसऱ्यांदा शेजारच्या बेकरीवाल्यावर संशय घेतला आणि त्याच्याशी उगाच भांडले. मग तेलरंग आणला. तासाभरात तोही गेला, ओल्या हातानं पुसावा तसा. बोटांचे फराटे गुडघ्याच्या उंचीपासून वर गेलेले. उभा माणूस इतक्या खालून पुसत नाही.

फुली नाही म्हणून तपासणीवाल्यांना दार ठोठावावं लागतं. "ताई, तुमच्याकडे कोणीतरी मागे राहतं बरं का," असं ते शाळेत हसत हसत सांगायचे. गेल्या महिन्यात कोणी हसलं नाही. आतून कोणीतरी जमिनीवरून सरकत दाराकडे येत होतं, असं त्यांचं म्हणणं.

पाय गेल्यापासून आई कशी हातांवर भार देत सरकायची, आठवतं ना?

इथवर लिहून मी उठले, चहा केला, तो प्यायलाही नाही. आता टाळत नाही.

त्या दिवशी पाणी चढायला लागलं तेव्हा मी पलीकडच्या गल्लीतल्या लोकांना बाहेर काढत होते. बेकरीवाला म्हणाला होता, "तुम्ही काळजी करू नका, आईंना मी हातगाडीवरून नेतो." मी परतले तेव्हा त्याची गाडी वळणावर दिसली, वर चादरीत गुंडाळलेली म्हातारी. मला हायसं वाटलं. आत डोकावलेही नाही. दारावर फुली मारली आणि टेकडीकडे धावत सुटले. गाडीवर त्याची सासू होती. आईसाठी तो दुसरी खेप करणार होता, तोवर रस्ता बुडाला.

तू फुली बघून पुढे गेलास. मग पाणी छपराला लागलं आणि खडू धुऊन गेला. "फुली होती, मी माझ्या डोळ्यांनी बघितली," असं तू जो भेटेल त्याला सांगत होतास. शाळेच्या व्हरांड्यात सगळ्यांसमोर तपासणीवाल्यांनी मला विचारलं, "ताई, तुम्ही मारली होती का?" मी नाही म्हणाले. घाबरले होते रे. पोटच्या पोरानं आईला सोडून होडी पुढे नेली, असं लोक बोलले आणि मी ऐकून घेतलं. तू माझ्याकडे बघितलंस आणि गप्प बसलास. फुली कोणाच्या हातची, ते तुला तेव्हाच कळलं होतं, हो ना?

काल सराव होता. मी फुली मारलीच नाही. शाळेत सगळ्यांसमोर उभी राहिले आणि जसं झालं तसं सांगितलं. बेकरीवाला डोकं धरून खाली बसला. तेव्हा तुझ्याबरोबर होडी वल्हवणाऱ्या म्हाताऱ्यानं एवढंच विचारलं, "त्याला कळवलंस का?" म्हणून हे पत्र.

घरी आले तर दारावर फुली होती. गुडघ्याच्या उंचीवर, थरथरत्या हाताची. शिवणाचा खडू तर माझ्या मुठीत होता. तपासणीवाले म्हणाले, "आज आतून काही आवाज आला नाही. फुली होती, आम्ही पुढे गेलो."

आई बाहेर पडली, धाकट्या. मी सगळ्या खोल्या फिरून आले. दोन वर्षांत घर इतकं रिकामं कधी वाटलं नव्हतं.

ती फुली मी पुसलेली नाही. तू आधी ये, बघ. मग दोघं मिळून पुसू.

फुली असलेल्या घरात राहणारी,
तुझी ताई