कुंचीतलं बाळ

आई, परवा बदलापुरात तुला पाहिलं. एका शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवर तू आहेस, माझ्यापेक्षा उंच, निळ्या लुगड्यात. मूळ फोटो काळा-पांढरा, त्यामुळे लुगड्याचा रंग रंगाऱ्याने आपल्या मनाने ठरवला असणार. बाकी सगळं तसंच आहे. बांगलादेशच्या लढाईला निघालेले मिलिटरीचे ट्रक, एका ट्रकच्या मागच्या फळीवरून कमरेपर्यंत खाली वाकलेला जवान, त्याने लांब केलेले दोन्ही हात, आणि रस्त्याच्या कडेला तू, कुंची घातलेलं बाळ त्याच्याकडे उंच धरून. त्याच्या हातांत आणि बाळात वीतभर अंतर. खाली ठळक अक्षरांत लिहिलंय, ‘निघालेल्या जवानाला मायलेकरांचा आशीर्वाद’. लढाईच्या दिवसांत हा फोटो मुंबईच्या पेपरात आला, मग मासिकांत, मग सरकारी पोस्टरवर, आणि तो पाहिला नाही असा आपल्या भागात माणूस सापडायचा नाही. कुंचीतलं बाळ म्हणजे मी, हेही सगळ्यांना माहीत आहे. शाळेने मला बोलावलं ते त्यासाठीच.

लहानपणी मलाही ते माहीत होतं. अंबरनाथच्या आपल्या चाळीत कोणी नवा पाहुणा आला की बाबा मला पुढे ढकलायचे. “हाच तो,” म्हणायचे. पाहुणा माझ्या गालाला हात लावायचा, भिंतीवर लावलेल्या फोटोकडे बघायचा, परत माझ्याकडे बघायचा. एकदा बाबांच्या कारखान्यातले दोघं-तिघं आले होते आणि मी त्यांना करून दाखवलं, पाटावर उभा राहून दोन्ही हात जवानासारखे पुढे केले. तू आतून चहा घेऊन आलीस. कपबश्या खाली ठेवल्यास आणि सगळ्यांसमोर माझ्या हातांवर फटका मारलास. “हात खाली घे. परत असं केलंस तर बघ.” लागलं फारसं नाही. पण तू त्या माणसांकडे न बघता आत निघून गेलीस आणि बाबा उगाच हसत राहिले, ते मला चमत्कारिक वाटलं.

उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये तू ज्या सिंधी शेठकडे शर्टांना काजं-बटणं करायला जायचीस, त्याने एका दिवाळीला दुकानाचं कॅलेंडर काढलं आणि त्यावर हाच फोटो छापला. मी तुझ्याबरोबर होतो त्या दिवशी. शेठने गुंडाळी उलगडून काउंटरवर पसरली, कोपऱ्यावर कात्री ठेवली आणि म्हणाला, “देख बाई, ये तू है. मैंने सबको बोला, ये हमारी बाई है.” त्याचे डोळे खरंच ओले झाले होते. तू म्हणालीस, “हो शेठ.” मग मशीनवर जाऊन बसलीस आणि संध्याकाळपर्यंत मान वर केली नाहीस. मिठाईचा पुडा मिळाला, तो मी घरी येईपर्यंत अर्धा संपवला. कॅलेंडर बाबांनी लावलं. वर्ष संपल्यावरही ते तसंच राहिलं, फक्त खालचे महिने फाडून टाकले.

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, फोटोतलं बाळ म्हणून माझा सत्कार ठरला. तू स्वयंपाकघरात खाली बसून सुक्या बोंबलांची डोकी मोडतेयस. मी दारात उभा राहून तुला सांगतोय की भाषण करायचं आहे, त्या दिवसाचं काहीतरी सांग. तू हात थांबवत नाहीस. म्हणतेस, “ते तू नाहीस.” मला वाटतं मी नीट ऐकलं नाही. तू पुन्हा सांगतेस, त्याच आवाजात. “तुझ्या आधी एक मुलगी होती. तू तिच्या मागनं झालास. ती आहे ती.”

मग तू सांगितलंस. बारवी नदीच्या बाजूला तुझं माहेर. तू तिला घेऊन तिथे राहायला गेली होतीस. तिला ताप चढला, आकड्या यायला लागल्या. उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं म्हणून तू आणि मामा पहाटेच चालत निघालात, शेताच्या बांधांवरून मोठ्या रस्त्याला आलात. एसटी येईना. लढाईमुळे रस्ता मिलिटरीच्या गाड्यांसाठी मोकळा ठेवला होता. ट्रकामागून ट्रक जात होते. तू मोरीपाशी उभी राहिलीस, कारण तिथे गाड्या हळू व्हायच्या, आणि प्रत्येक गाडीला पोर वर धरून दाखवत होतीस. कोणाला काय कळणार? जवान हात हलवायचे, एकाने बिस्किटाचा पुडा टाकला. “एकालाच कळलं,” तू म्हणालीस. “तो वाकला. म्हनला, दे दो बहन, अस्पताल पहुंचा देंगे. गाडी हळू होती पण थांबत नव्हती. मी पळत होते बाजूनं. त्याचे हात अगदी इथं आले.” तू आपला बोंबलाचा हात नाकासमोर धरून दाखवलास. “माझे हात पुढं गेले. पण बोटं सुटली नाहीत रे. कुठला कोण, कुठं नेईल, मला काय ठाव. मग गाडी पुढं गेली.”

मागच्या जीपमधून पेपरवाला उतरला होता. त्याने फोटो काढला आणि परत चढला. त्याला तू दोष दिला नाहीस. म्हणालीस, “त्याला काय माहीत, त्याला तसंच दिसलं.” बऱ्याच वेळाने एक दुधाची गाडी मिळाली. अंबरनाथच्या रेल्वे फाटकापाशी ती गाडी अडली आणि तिथेच तुझ्या मांडीवर सगळं थंड झालं. मामा म्हणाला, आता दवाखान्यात जाऊन काय करायचं, तर तू म्हणालीस, तरी जाऊ. गेलातही.

मी विचारलं, मग बाबा मला का पुढे करतात. तू म्हणालीस, दोनेक वर्षांनी दुसरा एक पेपरवाला बाळाला शोधत चाळीत आला, तेव्हा मी तुझ्या कडेवर होतो. बाबांनी बोट दाखवलं. नंतर तुझ्याशी भांडले, “मेलेल्या पोरीचा फोटो कोण लावील? राहू दे ना जिवंत.” तू ते तसंच राहू दिलंस. एवढं सांगून तू बोंबील धुवायला उठलीस. मी सत्काराला गेलो नाही, पोटात दुखतंय म्हणून कळवलं. त्या दिवशी मला रडू आलं नाही. तू गेलीस तेव्हाही फारसं आलं नाही. आनंदनगरला एमआयडीसीत माझी नोकरी झाली, लग्न झालं, बाबा गेले, मामा गेला. लोक ‘हाच तो’ म्हणत राहिले आणि मी मान हलवत राहिलो, जसं कोणी दुसऱ्याच्या नावाने हाक मारली तरी आपण कधीकधी वळतो.

परवा मात्र बोललो. ठरवून गेलो होतो असं नाही. पटांगणात मुलं बसलेली, मागे टॉवरांची कामं चाललेली, माईक खरखरत होता. मी म्हणालो, “भिंतीवरचं बाळ मी नाही. ती माझी बहीण. आई तिला दवाखान्यात न्यायला गाडी मागत होती. तो जवान तिला न्यायला तयार होता, पण आईचा धीर झाला नाही. मुलगी वाचली नाही.” मग पुढच्या रांगेतल्या एका पाहुण्याने टाळी वाजवली आणि त्यांच्यामागे सगळ्यांनी वाजवली. मला शाल दिली, समोसा दिला. एक शिक्षक हात हातात घेऊन म्हणाले, “फार हृदयस्पर्शी बोललात सर.” मला वाटलं होतं काहीतरी होईल. जमिनीवर काही जड ठेवल्यासारखं वाटेल. तसं झालं नाही. समोसा चांगला होता.

निघताना मुख्याध्यापिकांनी ऑफिसात बोलावलं. वयाने माझ्यापेक्षा लहान, पण नीट ऐकून घेतलेलं दिसत होतं. म्हणाल्या, “खालची ओळ आम्ही पुसून घेतो. सोमवारी माणूस येतोय. तुमच्या बहिणीचं नाव सांगा, तेच लिहू. बाकी काही नको.” आणि पेन उघडून थांबल्या.

मी म्हणालो, घरी विचारून सांगतो.

हा कागद कुठल्या टपालपेटीत टाकायचा नाही, हे मला कळतं. तरी लिहितोय, कारण आता घरी विचारायला कोणी उरलेलं नाही. स्वयंपाकघरात तू सगळं सांगितलंस तेव्हा मी बाबांचं विचारलं, पेपरवाल्याचं विचारलं, तो जवान कुठला होता तेही विचारलं. तिला तुम्ही काय म्हणून हाक मारायचात, ते विचारायचं मला सुचलंच नाही.