येतो-जातोचा खुलासा

कार्ले, मंगळवार

श्री. दत्तोबा भाऊंच्या सेवेशी भिमाजीचा रामराम पोचावा. आम्ही इकडे ठीक आहोत (रक्तदाब सोडून), आपणही शिरगावी खुशाल असाल. आपला गुडघा कसा आहे? रविवारी आमच्या पायऱ्या आपण ज्या वेगाने उतरलात त्यावरून बरा असावा.

आपण नातवासाठी आमच्या नातीला, समीक्षाला, बघायला आलात आणि निघताना माझ्या तोंडून जे गेलं, त्याचा हा खुलासा. त्यासाठी आधी चार ट्रकांचं सांगावं लागेल. तळेगावची एक कंपनी जुन्या हायवेवर चार ट्रक ओळीने चालवून बघते. पहिला गफूर चालवतो. मागचे तीन यंत्रावर एकमेकांशी बोलतात आणि आपोआप त्याच्यामागे जातात. तो ब्रेक मारेल तसा मारतात. शेवटच्यात मी असतो. चाळीस वर्षं ड्रायव्हर होतो, आता कशालाही हात न लावण्याची नोकरी आहे (फार अवघड काम, घाम फुटतो). ओळीत शिरायचं तर यंत्राला ‘येतो’ म्हणायचं, ओळ सोडायची तर ‘जातो’. मग ट्रक मागे राहतो आणि स्टिअरिंग आपल्या ताब्यात देतो.

पहिल्या दिवशी मला कार्ला फाट्यावर ओळ सोडायची होती. आता भाऊ, आपल्यात निघताना ‘जातो’ कोण म्हणतं? (आमचे थोरले बंधू एकदा म्हणाले, ते गेलेच.) मी ‘येतो’ म्हणालो. ट्रक पुढच्याच्या आणखी जवळ गेला. मोठ्याने म्हणालो, तर आणखी सरकला. ब्रेकला पाय लागला तर सगळी चाचणी बाद, म्हणून मी पाय वर घेऊन मांडी घातली. लोणावळ्यात गफूर उतरून मागे आला.

“आबा, तुमी हितं? तुमाला कार्ल्याला सुटायचं व्हतं ना?”

“सुटतच व्हतो की.”

कंपनीच्या इंजिनिअर माधवी मॅडमनी मला आठ दिवस ‘जातो’चा सराव लावला, घरीसुद्धा. मी परसात ‘जातो, जातो’ म्हणत फिरत होतो, तर आमची मंडळी, रतनबाई, आतून म्हणाली, “आदी दळण आणा, मग जावा.”

अशात रविवार आला. पोहे झाले, पोरगी पसंत पडल्यासारखी वाटली, अंबूवहिनींची ओटी भरून झाली, आणि आपण हात जोडून म्हणालात, “बरंय, येतो आमी.” त्यावर मी नाही, माझ्या तोंडून मॅडम बोलल्या: “येतो न्हाई, जातो म्हणा. नीट म्हणा, ऐकू आलं पायजे.”

वहिनींनी ओटीतला नारळ आमच्या पायरीवर ठेवला, तो अजून तिथेच आहे. उचलावा की ओलांडावा हे कळत नसल्याने दोन दिवस आम्ही मागल्या दाराने वावरतो. भाऊ, पोरगी गुणी आहे. माझ्या जिभेपायी तिचं जमत आलेलं मोडू नये.

आपला,
भिमाजी

ता. क. मी स्वतःच भेटायला निघालो होतो. पण उठताना आपल्याला काय म्हणावं हे ठरेना, म्हणून पोस्टाने पाठवतो.

आणखी ता. क. पाकीट चिकटवण्याआधी समीक्षाने हे वाचलं. ती म्हणते, तिचं आणि आपल्या अमृतचं रविवारपासून रोज फोनवर बोलणं आहे, तारीख ठरली आहे आणि हॉलही बघून झाला आहे. तेव्हा होकार-नकार आता आपल्या दोघांकडे आहे असं दिसत नाही. तरी आपण रीतसर मागणी घालावी, मी रीतसर हो म्हणेन. फक्त ते लग्नाच्या आधी व्हावं, एवढीच विनंती.