डोळ्यातली बाळं

मामाजी, आज पुन्हा औषधाचा थेंब गालावर पडला. दुसरा टाकावा तर बाटली महिनाभर पुरवायची असते, म्हणून गालावरचाच बोटानं डोळ्यात ओढला. तुम्ही असता तर रागावला असता. काचबिंदू रक्तातून येतो म्हणतात; तुमचं-माझं रक्त एक नाही, तरी सासऱ्याचा सुनेकडे आलाच.

तुमच्या डोळ्यांत मी थेंब टाकायची, दिवाबत्ती झाल्यावर, स्वयंपाकघराच्या दाराशी तुमच्या खाटेवर. मग डोळे मिटून पडून राहायचं. शाळेत इंग्रजी शिकवण्यात जन्म गेलेला, तुम्हाला गप्प पडवत नसे. मी पोळ्या लाटते आहे आणि तुम्ही एकेक जुना इंग्रजी शब्द देताहात, सगळे डोळ्याचेच. मोतीबिंदूला ते लोकही पूर्वी पर्ल, म्हणजे मोतीच म्हणत. डोळ्यातल्या काळ्या बाहुलीला ॲपल म्हणत, ती सफरचंदासारखी गोल, भरीव असते असं त्यांना वाटे म्हणून. दुसऱ्या दिवशी विचारायचात आणि मी विसरले की म्हणायचात, "मॅट्रिक कशी झाली वं तू, कॉपी करून?" मी लाटणं आपटायची.

एकदा थेंब टाकायला वाकले, तर म्हणता, "माझ्या डोळ्यात कोण दिसते?" मी म्हटलं, मीच, एवढीशी. याला जुने इंग्रज डोळ्यात बाळं पाहणं म्हणत, असं तुम्ही सांगितलं. मग आवाज उतरला. "मले तं तुझ्या डोळ्यात कोणीच नाही दिसून राहिलं. पोराले सांगू नको." विंक म्हणजे नुसतं डोळा मारणं नव्हे, पाहून न पाहिल्यासारखं करणं हाही त्याचा जुना अर्थ, तेवढं कर, म्हणालात. मी केलं. सासऱ्याचा शब्द. यांना कळलं तेव्हा डॉक्टरांच्या हाती काही उरलं नव्हतं.

लपवणं किती थकवतं ते आता कळतं. चहा ओतताना कपात बोट धरते. हिशेबाची वही अंदाजानं लिहिते, बेरीज चुकली की मुलगा हसतो.

आज सूनबाई मिहानमधल्या कंपनीतून कामावरून आली, माझा ओला गाल पाहिला, बाटली घेतली आणि पापणी धरली. तिचा चेहरा अगदी जवळ आला. तिच्या डोळ्यात मी नव्हते. तिलाही कोणाला सांगू नको म्हणणार होते, तोंडून निघालं, "या डोळ्यानं मले दिसत नाही वं." तिचा हात थांबला. "कधीपासून, आई?" आत्ताआत्ता, म्हटलं. उद्या रजा घेऊन दवाखान्यात नेते म्हणाली.

हा कागद पाठवू तरी कुठं? तिच्याशी पूर्ण खरं बोलले नाही, तुम्हाला सांगते. चैत्रापासून पोथी वाचत नाही मी. पाठ आहे ते म्हणते आणि नुसती पानं उलटते.